खंडेनवमीचा घाणा

मुक्ता, गेल्या रविवारी फोनवर तू सांगितलंस की तुमच्या शाळेची सहल हायड्रोजनवर चालणाऱ्या बसने गेली. मागून नील ओरडला, "आजीला काय माहीत हायड्रोजन, ती इंग्लिशची टीचर होती!" तुमची आई त्याला रागावली, पण त्याचं काही चुकलं नाही. मला हायड्रोजन माहीत नाही. मला गायधनी सर माहीत होते, आणि त्यांनी आपल्या नोकरीची निम्मी वर्षं हायड्रोजन धातूत कोंबण्यात घालवली. त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. काही गोष्टी मला तेव्हा समजल्या नाहीत, आजही समजत नाहीत. त्या मी तशाच लिहिते. तुम्हाला उलगडल्या तर मला सांगा.

सर आमच्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. गंगापूर रोडच्या आमच्या कॉलनीत त्यांचं घर आमच्या घराला लागून होतं, मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. मूळचे ते सिन्नरकडचे. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात नेहमी एक जाड भिंग. बोलताना हळू, पण एक शब्द मात्र ते ओरडूनच म्हणत. तो शब्द म्हणजे "झाकण!"

कुठलीही वस्तू उघडी दिसली की त्यांना राहवत नसे. चहा आला की घोट घेतल्यावर दर वेळी बशी कपावर. आमच्याकडे लोणच्याची बरणी उघडी राहिलेली खिडकीतून दिसली तर कुंपणापलीकडून हाक यायची, "मॅडम, झाकण!" कुणाच्या लग्नात पाण्याचं पिंप उघडं दिसलं की स्वतः जाऊन ताट ठेवून येत. कॉलनीतली मुलं त्यांना 'झाकण सर' म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं. "नाव चुकीचं नाही," म्हणायचे.

त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी, मोठ्या बोलक्या. त्या एकदा म्हणाल्या, "लग्नात अंतरपाट धरला होता ना, तेव्हाच मला वाटलं, हा माणूस तो खाली सोडू देतो की नाही!"

ही सवय त्यांना प्रयोगशाळेतून लागली होती. त्यांना असा मिश्रधातू हवा होता जो हायड्रोजन वायू पोटात घेईल, धरून ठेवील, आणि मागितला की परत देईल. मी विचारलं होतं, "स्पंजसारखं का?" त्यावर ते हळहळले, जणू माझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. "स्पंजात पाणी भोकांत बसतं, मॅडम. इथं भोकं नाहीत. वायू धातूच्या अणूंच्या मधे जाऊन बसतो. पंगत बसलेली आहे, आणि प्रत्येक दोन पानांच्या मधे एकेक लहान मूल येऊन बसलं, तसं."

"मग अडचण कुठे आहे?"

"दारात. मॅग्नेशियमचं घर मोठं आहे, पण दार बंद. हवा लागली की त्याच्यावर गंजासारखा थर चढतो. बाहेर पाहुण्यांची गर्दी, आत घर रिकामं. आणि एकदा वायू घेतला की धातू तो सोडताना रडतो. भट्टीसारखा तापवल्याशिवाय परत देत नाही."

दार उघडावं म्हणून ते मॅग्नेशियममध्ये थोडं निकेल घालत, आणि दोन्ही एका पोलादी डब्यात पोलादाच्या गोळ्यांबरोबर घालून तासन् तास घुसळत. ते घुसळण्याचं यंत्र त्यांनी स्वतः चित्र काढून सातपूरच्या एका वर्कशॉपमधून बनवून घेतलं होतं. चालू झालं की शेजारच्या वर्गातल्या माझ्या तासाला कविता ऐकू येत नसे. डब्यातून निघणाऱ्या काळ्या भुकटीच्या प्रत्येक खेपेला सर 'घाणा' म्हणत, पुऱ्यांचा म्हणतात तसा. "आजचा घाणा जमला नाही," असं म्हणत ते संध्याकाळी घरी येत, आणि नव्या माणसाला वाटे यांच्याकडे खानावळ आहे.

हवेची धास्ती त्यांनी किती घ्यावी! दिंडोरीहून त्यांचे मेहुणे एकदा द्राक्षांची पेटी घेऊन थेट प्रयोगशाळेत आले. एक्स्पोर्टची पेटी, वर औषधाचा कागद घातलेला. सरांनी पेटी उघडली, वास घेतला, आणि पेटी छातीशी धरून व्हरांड्यातून जे पळत सुटले ते मैदानात जाऊन थांबले. मेहुणे मागून धावताहेत. "अहो दाजी, विषारी नाय त्यात काही! परदेशी लोक खात्यात ती!"

"माणसांना चालेल हो. माझ्या धातूला चालणार नाही. गंधक आहे त्यात!"

मेहुणे माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा बाई. बहीण दिली, आता द्राक्षंबी चालंनात."

त्या प्रयोगशाळेत सरांच्या हाताखाली रघुभाऊ होते. रघुभाऊ निकम, सटाण्याकडचे, प्रयोगशाळेचे मदतनीस. बोलणं अर्धं अहिराणी. दोघांचं सूत असं की एकाने हात पुढे करावा आणि दुसऱ्याने न विचारता पाना ठेवावा. रघुभाऊ देवभोळे. सर देवाच्या वाटेला जात नसत, पण कुणाच्या आडही येत नसत.

मला एकदा त्यांनी तो प्रयोग दाखवला. एक जाड पोलादी नळी, तिच्यात चिमूटभर भुकटी, बाहेर भट्टी, वर दाब दाखवणारं घड्याळासारखं तबकडीचं यंत्र. त्यांनी हायड्रोजन आत सोडला, काटा वर चढला. मग आम्ही बसलो. "आता काटा खाली यायला लागला, म्हणजे धातू वायू प्यायला लागला." आम्ही पुष्कळ वेळ बसलो. काटा केसभर हलला, की मला तसं वाटलं. "हलला?" मी विचारलं. "तुम्ही श्वास सोडलात," सर म्हणाले.

आता मुख्य गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खंडेनवमी असते. त्या दिवशी माणूस ज्या हत्याराच्या जोरावर पोट भरतो त्याची पूजा करतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत त्या दिवशी लेथ मशीनलासुद्धा झेंडूची माळ असते. आमच्या प्रयोगशाळेत ती पूजा रघुभाऊ करत: यंत्राला हळदकुंकू, फूल, नारळ, कापूर. दसऱ्याला यंत्र बंद.

नव्वदनंतरची ती वर्षं. त्या खंडेनवमीला सर सकाळी नवा घाणा डब्यात भरत होते. मॅग्नेशियम घातलं, निकेल घातलं, आणि तेवढ्यात प्राचार्यांचा निरोप आला की सगळ्या स्टाफचा फोटो काढायचा आहे, फोटोग्राफर थांबलाय. सर गेले. तिथून वहिनींबरोबर सिन्नरला गेले. दसऱ्यानंतर परत आले, डब्याला झाकण होतं, नेहमीप्रमाणे आतली हवा काढून दुसरा वायू भरला आणि यंत्र सुरू केलं.

त्या घाण्याची चिमूट नळीत गेली त्या दिवशी मी माझ्या वर्गात होते. सर दारात येऊन उभे राहिले. माझ्या वर्गात ते कधी आले नव्हते. विद्यार्थ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, जरा येता का? मला एकट्याला खरं वाटत नाही."

मी गेले. त्यांनी वायू सोडला. काटा वर चढला आणि लगेच खाली यायला लागला. हळू नाही, पुरात घाटाची पायरी दिसेनाशी होते तसा, बघता बघता. भट्टीही नेहमीपेक्षा पुष्कळ थंड होती. "गेला कुठे?" मी विचारलं. नळी तीच, तेवढीच, बंद. सर खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आत. घर भरलं." मग त्यांनी थोडं तापवलं, आणि काटा पुन्हा वर आला. धातूने घेतलेलं न रडता परत दिलं होतं.

सर कुणाला काही बोलले नाहीत. त्यांनी तीच भुकटी पुन्हा पुन्हा तपासली, दर वेळी तेच. मग तंतोतंत तसाच दुसरा घाणा केला. तो नेहमीसारखाच निघाला, मख्ख. तिसरा, चौथा. दिवाळी आली आणि गेली. वहिनी म्हणाल्या, "फराळाचं ताट पुढे ठेवलं तर म्हणतात, यात निकेल किती?"

शेवटी एका दुपारी भिंग लावून ते डब्याचे आटे साफ करत होते. आट्यांत पिवळं आणि लाल काहीतरी होतं. रघुभाऊंना बोलावलं. मी तेव्हा स्टाफरूमची किल्ली घ्यायला तिथे गेले होते, म्हणून हे मला ऐकायला मिळालं.

"रघुभाऊ, हे काय?"

"हळद शे सर. खंडेनवमीनी."

"डब्याच्या आत?"

"झाकण उघडं व्हतं ना. कुंकू लावताना पडनं व्हई थोडं."

"उघडं? मी उघडं ठेवलं?"

"हा ना. मी म्हन्लं, सर कधी चमचाभी उघडा ठेवत नाहीत. आज डबा उघडा ठेवेल शे, म्हंजे पूजासाठी मुद्दाम ठेवेल शे. मला बरं वाटनं. मग आरती झाली, आन मीच लावलं झाकण."

"आरती? कापूर लावून?" सर एकदम स्टुलावर बसले. "मॅग्नेशियमच्या उघड्या भुकटीवर कापूर ओवाळलात?"

"ओवाळना सर. दोनदा ओवाळना. आत चांगलं दिसत व्हतं."

सरांचा चेहरा पांढरा पडला होता. एकदा चिमूटभर भुकटी पेटून त्यांच्या भुवया जळाल्या होत्या. डबाभर पेटली असती तर रघुभाऊ राहिले नसते. ते बराच वेळ रघुभाऊंचा हात धरून बसले. मग हात सोडला आणि अगदी वेगळ्या आवाजात विचारलं, "कापूर कोणता होता?"

पुढची दोन-तीन वर्षं कॉलेजला काही कळेनासं झालं. भौतिकशास्त्र विभागाच्या मागणीपत्रात हळद, कुंकू आणि कापूर. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "गायधनी, कॉलेजच्या पैशातून सत्यनारायण घालताय का?"

"नाही सर. शोषणाची गती वाढते का बघतोय."

"कशाची?"

"मला अजून माहीत नाही."

जे देव मानत नव्हते ते प्राध्यापक म्हणाले, गायधनी बिघडला. जे मानत होते ते म्हणाले, गायधनी सुधारला. एकाने तर, "वर्तमानपत्रात देऊ या, पूजेचा प्रताप म्हणून," असं सुचवलं. सर त्याच्यावर चिडलेले मी पहिल्यांदा पाहिले. "पूजेने झालं असतं तर दर वर्षी झालं असतं," ते म्हणाले. "रघुभाऊ दर वर्षी करतात."

भाजी घ्यायला मी पंचवटीत गेले होते तेव्हा सर मला एका पूजासाहित्याच्या दुकानासमोर भेटले. रघुभाऊंनी त्या वर्षी कुंकू तिथूनच घेतलं होतं. सर भिंगातून कुंकू बघत होते आणि दुकानदार लाल झाला होता.

"यात काय काय मिसळता?" सर विचारत होते.

"मिसळता म्हणजे? शुद्ध आहे साहेब. गंगेच्या काठी बसून खोटं बोलू?"

"शुद्ध नकोय मला. त्या वर्षीसारखं हवंय. त्या वर्षी अशुद्ध असेल तर अशुद्ध द्या."

दुकानदाराने माझ्याकडे बघून हळूच डोक्याजवळ बोट फिरवलं. मी सरांची ओळख न दाखवता कोथिंबीर घ्यायला पुढे जावं की थांबावं, मला कळेना. थांबले. सरांनी तीन प्रकारचं कुंकू घेतलं.

त्यांनी हळद वेगळी घालून पाहिली, कुंकू वेगळं, दोन्ही मिळून, कापूर, कापराची काजळी, झेंडूची वाळलेली पाकळी. डबा तसाच दोन दिवस ठेवून पाहिला. वीज जायची तेव्हा यंत्र मधेच थांबायचं. कदाचित थांबत थांबत घुसळल्याने झालं असेल, म्हणून मुद्दाम थांबवून पाहिलं. काही घाणे थोडे बरे निघाले. खंडेनवमीसारखा एकही नाही. आणि मूळ भुकटी तपासून तपासून संपली.

तोवर त्यांचा प्रबंध पुरा करायची मुदत आली. त्यांनी उशिरा, केस पांढरे झाल्यावर, पीएच.डी.ला नाव घातलं होतं. ती मिळाली तर विभागप्रमुखपद त्यांचं, आणि नवं यंत्र घ्यायला अनुदान. नाहीतर दोन्ही त्यांच्याहून पुष्कळ लहान माणसाकडे जाणार होतं. प्रबंधाचं इंग्रजी नीट करायला त्यांनी माझ्याकडे दिलं. रोज संध्याकाळी एकेक प्रकरण घेऊन ते आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसत, आणि तुमचे आजोबा चहावर बशी ठेवून जात.

पाचव्या प्रकरणात तो घाणा होता, आणि त्याखाली सरांनी मराठीतच एक वाक्य लिहून आणलं होतं. "हे तुम्हीच इंग्रजीत करा. मला जमत नाही." वाक्य असं होतं: 'यंत्राच्या वार्षिक पूजेच्या वेळी डबा लेखकाच्या हलगर्जीमुळे उघडा राहिल्याने भुकटीत हळद, कुंकू व कापराची काजळी पडली असणे शक्य आहे, हा परिणाम नंतर पुन्हा मिळवता आला नाही.'

मी ते तीन प्रकारे करून पाहिलं. एका प्रकारात ते विनोदी वाटे, दुसऱ्यात परदेशी प्रवाशाने लिहिल्यासारखं. तिसरं साधं होतं, ते सरांना आवडलं. "रघुभाऊंनी वाचलं तर त्यांना वाईट वाटेल का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यांना इंग्रजी येत नाही. "म्हणून तर विचारतो," सर म्हणाले. मग स्वतःच रघुभाऊंकडे गेले आणि वाक्य मराठीत वाचून दाखवलं. रघुभाऊंनी एवढंच विचारलं, "त्यात मन्हं नाव शे का?" नव्हतं. मग आभाराच्या पानावर घातलं.

पुण्याच्या त्यांच्या मार्गदर्शकांनी ते वाक्य वाचलं आणि सरांना बोलावून घेतलं. संध्याकाळच्या एस.टी.ने सर परत आले आणि घरी न जाता आमच्या व्हरांड्यात बसले. वहिनीही कुंपणावरून आल्या.

"ते म्हणतात, हे वाक्य काढा. घाणा ठेवा. घाणा उत्तम आहे," सर म्हणाले. "नाहीतर घाणाही काढा. बाकीचा प्रबंध साधा आहे, पण पास होईल. दोन्ही ठेवलं तर लोक हसतील."

"मग काढा की वाक्य!" वहिनी म्हणाल्या. "हळदीने कुणाचं वाईट झालंय हो आजवर?"

"वाक्य काढलं तर उद्या कुणी तसंच करून बघेल, आणि त्याची वर्षं जातील. माझी गेली तशी."

"मग घाणा काढा."

सर म्हणाले, "काटा खाली आला होता, सुमन. मॅडमनी पाहिलाय. आला होता ना, मॅडम?"

"आला होता," मी म्हटलं.

"जे झालं ते झालं नाही असं कसं लिहू?"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "लोकांच्या नावामागे डॉक्टर लागलं आणि तुमच्या नावामागे झाकण," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी सांगेन असं त्यांना वाटलं असावं. मला मार्गदर्शकांचंही बरोबर वाटत होतं, वहिनींचंही, सरांचंही. आजही मी हे लिहिताना तिघांच्या बाजूने एकेकदा विचार करून पाहिला आणि होते तिथेच आले.

सरांनी दोन्ही ठेवलं. मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावून सही केली. एका परीक्षकाने प्रबंध मान्य केला. दुसऱ्याने परत पाठवला: हा परिणाम पुन्हा मिळवून दाखवावा किंवा वगळावा. सरांनी 'पुन्हा मिळवतो' असं कळवलं. मग पुन्हा घाणे, घाण्यांमागून घाणे, जोवर नोंदणीची मुदत संपली नाही तोवर. मुदत संपली. विभागप्रमुखपद दुसऱ्याकडे गेलं. सर व्याख्याते म्हणूनच निवृत्त झाले. वहिनी पुढे कधी त्या विषयावर बोलल्या नाहीत. फक्त दर खंडेनवमीला घरातल्या विळीची, सुईची आणि शिवणयंत्राची पूजा झाली की चमचाभर हळद पुडीत बांधून सरांच्या टेबलावर ठेवत. ती रुसवा म्हणून ठेवत की आशा म्हणून, हे मी विचारलं नाही.

पुढे बाहेरगावचा एक तरुण संशोधक कॉलेजात व्याख्यानाला आला होता. त्याने सांगितलं की अशा भुकटीत कोळशासारखं काही मिसळलं तर वायू लवकर आत जातो, असं जगात बऱ्याच ठिकाणी दिसलंय. मी धावत येऊन सरांना सांगितलं, "म्हणजे कापराची काजळीच होती!" सर म्हणाले, "असेल. पण काजळी मी घातली होती, मॅडम. सात-आठ वेळा. त्याने थोडं होतं. तेवढं नाही होत." आणि हसले. मला वाटलं होतं त्यांना सुटल्यासारखं वाटेल. त्यांना उलट, कुणी गोष्ट सापडल्या सापडल्या घाईने मिटवायला निघालं आहे, असं वाटलं असावं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ती खंडेनवमीच होती. दोन हजारनंतरची. सर निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, मीही नुकतीच. नवे विभागप्रमुख भले होते; सरांना प्रयोगशाळेत यायला त्यांची आडकाठी नव्हती, आणि पूजेला त्यांनी आम्हा जुन्या लोकांना चहाला बोलावलं होतं. रघुभाऊंचं नोकरीचं ते शेवटचं वर्ष. आदल्या दिवशी सर येऊन घाणा भरून गेले होते. पूजेच्या दुसऱ्याच दिवशी, मुक्ता, तुझ्या जन्मासाठी मी विमानात बसले. परत आले तेव्हा सर नव्हते. झोपेतच गेले म्हणाले. रघुभाऊ गावी गेले होते. त्या घाण्याचं पुढे काय झालं, काटा हलला की नाही, हे मला कुणी सांगू शकलं नाही. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "मला तरी कुठे सांगायचे!"

तर त्या दिवशी यंत्र पुसून ठेवलेलं होतं. रघुभाऊंनी आता धडा घेतलेला. डब्याचं झाकण घट्ट लावून वर फडकं गुंडाळलं होतं आणि दोरीने बांधलं होतं. कापराचं ताट त्यांनी आधीच लांब, व्हरांड्यात ठेवलं होतं. हळदीची वाटी घेऊन ते पुढे झाले.

"थांबा, रघुभाऊ," सर म्हणाले.

त्यांनी दोरी सोडली. फडक्याची घडी घालून खिशात ठेवली. झाकण फिरवून काढलं आणि टेबलावर उलटं ठेवलं. मग दोन पावलं मागे सरकून, चप्पल काढून, उभे राहिले. रघुभाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. नवे प्रमुख माझ्याकडे बघू लागले. सर कुणाकडेच बघत नव्हते, डब्याच्या तोंडाकडे बघत होते.

"हं," सर म्हणाले. "दर वर्षीसारखं करा."

रघुभाऊंनी चिमटीत हळद घेतली. पिवळी रेघ यंत्रावर थोडी, डब्यात थोडी पडली. मग कुंकू. तेवढ्यात चहा आला. सरांनी न बघता हात लांब केला आणि माझ्या कपावर बशी ठेवली. डबा मात्र उघडाच होता.